मी धरलेलं सुटलं नव्हतं

मी स्टँड बोलतोय. स्वारगेटचा नव्हे. तिथली धक्काबुक्की मला झेपायची नाही. मी हातभर लांबीचाही नाही. पांढऱ्या नायलॉनचा एक ठोकळा, त्यात नळ्या उभ्या करायला भोकं, आणि प्रत्येक भोकाच्या कुशीत एक जबरदस्त चुंबक. वाघोलीच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला आहे.

माझा जन्म नाना पेठेतला, कासिमभाईंच्या लेथच्या वर्कशॉपमध्ये. चुंबकं तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या भंगारातून आणलेल्या मोडक्या हार्डडिस्कमधून निघाली, म्हणजे मी मूळचा आयटीतला. आयटी सोडून दुसरं काहीतरी करणारा पुण्यात मी काही एकटाच नाही.

कासिमभाईंनी मला घडवलं ते त्यांच्या मुलीसाठी. अफशीन इथे पीएचडी करते. प्रयोगशाळेतला परदेशी स्टँड खाली पडून दुभंगला आणि नवा कधी येईल ते कुणालाच सांगता येईना. तेव्हा तिने घरी कागदावर चित्र काढून दाखवलं. कासिमभाईंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "नळी हलायला नको, एवढंच ना?" मग माझ्या कडा त्यांनी हाताने घासून गुळगुळीत केल्या. तसं कुणी सांगितलं नव्हतं. लेकीच्या बोटांना लागू नये म्हणून केल्या.

इथे आल्यावर माझं स्वागत समर्थने केलं. तोही पीएचडीवालाच. मला हातात घेऊन म्हणाला, "वा! जुगाड छान आहे." छान हा शब्द पुण्यात कसा वापरतात ते मला त्याच दिवशी कळलं.

आता माझं काम सांगतो. सशाच्या रक्तातला पिवळसर द्रव असतो, त्याला इथे सीरम म्हणतात. त्यात रोगाला ओळखून पकडणाऱ्या अँटिबॉडीज असतात, पण इतर शंभर गोष्टींच्या गर्दीत मिसळलेल्या. म्हणून सीरममध्ये कॉफीच्या भुकटीसारखे दिसणारे बारीक चुंबकी मणी घालतात. अँटिबॉडीज मण्यांना बिलगतात. नळी माझ्यात उभी केली की मी मण्यांना भिंतीशी ओढून धरतो आणि उरलेलं पाणी काढून टाकतात. मग मणी धुवायचे, मी धरायचं, पाणी टाकायचं. असं पुन्हा पुन्हा. शेवटी एक आंबट द्रव घालतात. त्याने अँटिबॉडीज मण्यांना सोडून पाण्यात उतरतात. मग मात्र पाणी ठेवायचं असतं. इतका वेळ जे फेकलं, तेच आता सोनं!

टाकलेलं पाणीसुद्धा इथे लगेच मोरीत जात नाही, बीकरमध्ये साठवतात. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी त्यासाठी पाटीच लावली आहे: "निकाल लागेपर्यंत एक थेंबही ओतू नये. ओतल्यास पुढचा ससा आपणच."

मग एके दिवशी माझी पहिली परीक्षा आली. अफशीन शेळ्यांच्या एका आजाराची झटपट चाचणी तयार करते आहे. तिच्याकडे सीरमची शेवटची नळी उरली होती. ससा म्हातारा झालेला, त्याला आता टोचायचं नाही असं मॅडमनी ठरवलेलं. ही नळी वाया गेली असती तर सगळं नव्या सशापासून सुरू करावं लागलं असतं. मी मणी असे घट्ट धरले की विचारू नका.

धुणं झालं. आंबट द्रव पडला. अँटिबॉडीज पाण्यात उतरल्या. नेमका तेव्हाच समर्थ दारातून ओरडला, "अगं, डब्यात आज काय आहे?"

"खिमा!" अफशीन मान वळवून म्हणाली, आणि सवयीने ते पाणी बीकरमध्ये टाकून दिलं.

मला धरून ठेवता येतं, ओरडता येत नाही.

तिला वाटलं, धुणंच चाललंय. तिने पुन्हा आंबट द्रव घातला, ते पाणी जपून ठेवलं आणि मशीनवर मोजलं. आकडा जवळजवळ शून्य.

"तरी म्हटलं होतं," समर्थ म्हणाला, "मणी धरलेच नसणार त्याने. पाण्याबरोबर गेले असतील."

अफशीनने घरी फोन लावला आणि रिंग जायच्या आत कापला. "अब्बांना काय सांगू? ते रोज विचारतात रे."

माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. नळी अजून माझ्यातच उभी होती. बघ ना गं एकदा, असं मी मनातल्या मनात म्हणत होतो. शेवटी तिने ती उचलून उजेडात धरली. मण्यांचा जाडजूड तपकिरी पट्टा जिथल्या तिथे होता.

"समर्थ, मणी सगळे इथेच आहेत." मग तिची नजर आंबट द्रवाच्या बाटलीवर गेली. दोन वेळेपुरताच केलेला द्रव, आणि बाटली रिकामी. "मी हे दोनदा घातलं? म्हणजे पहिलं पाणी... बीकर कुठंय?"

टेबलावर बीकर नव्हता. प्रयोगशाळेतली भांडी धुणाऱ्या शालूताई तो इतर भांड्यांबरोबर घेऊन गेल्या होत्या. अफशीन धावली. मोरीचा नळ चालू असल्याचा आवाज मला इथवर ऐकू येत होता. आयुष्यात इतका लांबलेला क्षण मी कधी अनुभवला नसेल.

"ओतलं नाही हो," शालूताईंचा आवाज आला. "ते काय, बाजूला ठेवलंय. पाटी वाचता येते मला. या वयात ससा व्हायची हौस नाही."

अफशीन हसत होती की रडत होती, मला इथून कळलं नाही.

नशीब म्हणजे आधीच्या धुण्याच्या पाण्याने आंबटपणा मारला होता, नाहीतर तेवढ्या वेळात अँटिबॉडीज बिघडल्या असत्या. मणी स्वच्छ करून त्या बीकरमधल्या पाण्यात घातले आणि काम पहिल्यापासून सुरू झालं. या वेळी ती प्रत्येक पायरी मोठ्याने बोलत होती. समर्थ शेजारी उभा होता. शेवटच्या पाण्याला दोघं एकदम म्हणाले, "हे ठेवायचं!"

थोडं नुकसान झालं, पण चाचणीला पुरेल इतकं हाती आलं. हुश्श!

संध्याकाळी कासिमभाईंचाच फोन आला. "बेटा, ठोकळा चालला का? नसला तर लाजू नकोस, दुसरा करून देतो."

"नको अब्बा. त्याने सगळं धरून ठेवलं होतं. चुकले मीच."

पलीकडे घरघरणारा लेथ त्यांनी बंद केला. मग ते म्हणाले, "कडा टोचत नाहीत ना?"

आता परदेशी स्टँड आला आहे. तो खोक्यात असतो आणि मी टेबलावर. परवा समर्थने विचारलं, "काका मलाही एक करून देतील का?" अफशीन म्हणाली, "जुगाड आहे तो. तुला परदेशीच शोभेल." पण तिने कासिमभाईंना निरोप दिला. माझा धाकटा भाऊ येतोय.

माझं मागणं फार नाही. माझ्या चुंबकांपासून मोबाईल जरा लांब ठेवा. आणि काही बिनसलं, तर मला दोष देण्याआधी नळी एकदा उजेडात धरून बघा.