आमची काही अपेक्षा नाही

इतक्या मुलाखतींत नापास झाल्यावर माणसानं स्वतःत काही बदल करावा की नाही? मी केला. मी गाईड बदललं.

पहिलं गाईड गुलमंडीवरून आणलेलं होतं. तुमचा दोष विचारला, तर 'मी जरा जास्तच काम करतो' असं सांगा, असं त्यात छापलं होतं. हे वाक्य मी भेटेल त्या साहेबाला ऐकवलं. बी.कॉम. होऊन उस्मानपुऱ्यातल्या खोलीत पंख्याखाली लोळत पडणाऱ्याच्या तोंडी ते कितपत शोभत असेल, हे तुम्हीच ठरवा. शेवटी मी तात्यामामांना गाठलं.

तात्यामामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. सिल्लोड ते अजिंठा या पट्ट्यातल्या निम्म्या सोयरिकी त्यांनी जमवलेल्या. ज्याला कुणी गुरं राखायलाही ठेवणार नाही असा पोरगा त्यांनी बैठकीत 'शांत स्वभावाचा' म्हणून खपवला होता. मला वाटलं, आपल्याला असाच माणूस पाहिजे. आपला माल तरी काय वेगळा आहे?

आता आणखी लांबवण्यात अर्थ नव्हता. खोलीचं भाडं माझा धाकटा भाऊ पुंजाराम गावाकडून पाठवत होता. मला शिकता यावं म्हणून त्यानं शाळा सोडून शेती धरली होती. दर मुलाखतीनंतर मी त्याला फोनवर सांगायचो, "चांगली झाली, कळवतो म्हणालेत." तो म्हणायचा, "काय घाई नाय दादा. इकडं लई झकास चाललंय." मामा मात्र एवढे मऊ नव्हते. "ह्या बारीला नाय जमलं, तर गाशा गुंडाळ अन् गावाकडं ये," म्हणाले. मला ते पटलं होतं. लाज वाटायला लागली होती, आणि लाज मला सहसा वाटत नाही.

मामा खोलीवर येऊन खाटेवर मांडी घालून बसले. मी गाईडातले प्रश्न वाचू लागलो.

"स्वतःबद्दल सांगा म्हणाले तर?"

"घराणं सांग. तुला एकट्याला कोण पुसतंय?"

"दोष विचारला तर?"

"खोट पाहुण्यानं हुडकायची असती. आपुन म्हणायचं, सुपारीचंबी व्यसन नाय."

"आणि पगाराची अपेक्षा?"

मामा खुलले. इथं त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. "मान खाली घालायची अन् म्हणायचं, आमची काही अपेक्षा नाही. तुम्ही हौसेनं द्याल ते."

मी सगळं घोकलं. मान खाली घालण्याचा सराव आरशासमोर केला. मान खाली घातली की आरशात काही दिसत नाही, हे जरा उशिरा ध्यानात आलं.

चिकलठाण्याला पंपांच्या एका कारखान्यात स्टोअरकीपरची जागा होती. मुलाखत घ्यायला काकासाहेब नावाचे अधिकारी होते. अंगात सफारी, पण बोटं नांगर धरलेली. चहा आला. बैठकीच्या रिवाजाप्रमाणे मी दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही. शिपाई कप परत घेऊन गेला.

मी घराणं सांगितलं, सुपारीचं सांगितलं. मग काकासाहेबांनी विचारलं, "पगार किती पाहिजे?"

मी मान खाली घातली. "आमची काही अपेक्षा नाही. तुम्ही हौसेनं द्याल ते."

मग वर पाहिलं. साहेबांचा चेहरा उतरला होता.

"माझ्या थोरल्या पोरीच्या सोयरिकीच्या वक्ताला पाहुणे असंच म्हणले होते," ते म्हणाले. "अन् हळदीच्या दिवशी मोटरसायकल मागितली. तवापासून ह्या वाक्यावर माझा इस्वास नाय. काय पाहिजे ते सरळ सांगा, नाय तर उठा."

मी उठणारच होतो. पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "साहेब, मला भावाकडून खोलीचं भाडं घेणं बंद करायचंय. तेवढा पगार द्या. काम येत नाही, शिकीन. आळशी आहे, तेही सांगून टाकतो. पण मालाला हात लावणार नाही."

काकासाहेब हसले नाहीत. त्यांनी शिपायाला हाक मारून चहा परत मागवला. "एक तारखेपासून या," म्हणाले. या खेपेला मी एकदाही नको म्हणालो नाही.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून गावातल्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदारानं पुंजारामला बोलावून आणलं.

"लागली रे नोकरी, पुंजा. आता भाडं पाठवू नको."

तो म्हणाला, "खरंच का दादा? का नेहमीसारखं?"

"आईशप्पथ खरं."

"मंग उद्यापासून सिल्लोडला नाय गेलं तरी चालंल ना?"

"सिल्लोडला कशाला?"

"अडतीवर. पोती उचलाया." आनंदाच्या भरात त्याच्या तोंडून निघून गेलं होतं.

"कधीपासून जातोस?"

"तू तिकडं खोली केली तवापासनं. शेतातलं आवरलं की जायाचं. जाऊ दे की दादा, बिल वाढतंय तुझं."

"पाठ दुखत असंल रे."

"आता नाय दुखायची," तो म्हणाला आणि मनापासून हसला.

मी त्या काचेच्या डब्यात उभा राहून लहान पोरासारखा रडलो. बाहेर रांगेतला माणूस काचेवर टकटक करत होता. मी त्याला हातानंच थांब म्हणालो, आणि पुंजाला म्हणालो, "ठेवू नको. बोल अजून."