चौकटीसकट दार

भंगारातून शिल्पं करणाऱ्या बाईला घरात बसून कधी काही सुचलं नाही. ती ढिगात शिरायची, वस्तू हातात घेऊन उलटसुलट फिरवायची. पान्ह्यात बगळ्याची मान दिसे, किटलीत घुबड.

शिवणकामाचा कारखाना जळून सात बायका गेल्या. दोन महिन्यांनी मालकाने तिला बोलावलं.

"फाटकाशी स्मारक हवंय. जळक्या सामानातूनच करा. पक्षी वगैरे, झेपावणारे."

"आधी सामान बघते," ती म्हणाली.

मागच्या आवारात काळ्याठिक्कर कात्र्या, मशिनची चाकं, वितळून चिकटलेली बॉबिनं पडली होती. सवयीने तिने एक कात्री उघडून धरली. चोच दिसेना. दिसली ती मुठीवरची अर्धवट जळालेली चिंधी. बोटाला फोड येऊ नये म्हणून कुणीतरी गुंडाळलेली.

खाली कारखान्याचं मागचं लोखंडी दार होतं, चौकटीसकट कोसळलेलं. पहारीने तिने ते उलटवलं. बाहेरून कडी, कडीला कुलूप. बंद.

चौकशीच्या अहवालात मात्र मागचं दार उघडं होतं. बायकाच घाबरून उलट्या बाजूला धावल्या होत्या.

"हे लागेल मला," तिने मुकादमाला सांगितलं. त्याने न बघताच मान हलवली. पोलिसांना तिथेच बोलवावं, हे तिला सुचलं नाही. टेम्पोत घालून तिने दार घरी आणलं आणि गल्लीतल्या म्हातारीला बोलावलं. तिची लेक त्या सातांतली.

म्हातारीने कुलूप ओढून पाहिलं. बराच वेळ हात तिथेच राहिला.

"म्हणजे माझी पोर वेंधळी नव्हती. जो येतो तो सांगतो, बावरली, चुकीकडे पळाली."

"मावशी, याचं मी काय करू?"

"काही करू नकोस. हातसुद्धा लावू नकोस."

दोघी वकिलाकडे गेल्या. दार कोर्टात पोचलं. मालकाचा वकील शांतपणे म्हणाला, "यांचा धंदाच हा. भंगार जोडून हवं ते दाखवायचं. वेल्डिंग तर हातचा मळ."

"मी त्याला काहीही जोडलेलं नाही," ती म्हणाली. पण दार तिच्या अंगणात चार दिवस होतं, हेही तिला कबूल करावं लागलं.

खटल्याला चौथं वर्ष लागलंय. फाटकाशी दुसऱ्या कुणीतरी केलेले पक्षी उभे आहेत. तारखेला ती म्हातारीला स्कूटरवर घेऊन जाते. जिना चढताना म्हातारी दोनदा थांबते, पण हात धरू देत नाही.