मुक्कामी गाडीचे पाहुणे

निवृत्त झालं की माणसाला आराम मिळतो असं जे सांगतात, त्यांनी एकदा गडचिरोलीला गुणवंतराव खोब्रागड्यांच्या घरी येऊन बघावं. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म उभ्यानं गेला, त्यात गुडघे गेले, आणि आता बसायला मिळालं तर बसवत नव्हतं. सकाळी खुर्ची अंगणात, दुपारी सपरीत म्हणजे ओसरीवर, संध्याकाळी परत अंगणात, एवढाच काय तो प्रवास. थकवा मात्र लांबच्या ड्यूटीचा यायचा. बायको आशाबाई होत्या तोवर निदान कुरकुर ऐकायला कोणी होतं. त्या गेल्या आणि ते काम मुलीच्या, दिव्यानीच्या गळ्यात पडलं. ती नर्स. दिवसभर पेशंटांची कुरकुर ऐकायची आणि घरी येऊन बापाची.

कुरकुर एक वेळ परवडली असती. खरा ताप कोसमटोल्याचा होता.

एटापल्लीच्याही पुढे, डांबर संपतं तिथून बरंच आत, कोसमटोला हे गाव. गाडी संध्याकाळी पोचायची, रात्री तिथेच मुक्काम करायची, सकाळी परत निघायची. ही मुक्कामी ड्यूटी लागली की बाकीचे कंडक्टर कुठून कुठून दाखले आणून सुटका करून घ्यायचे. गुणवंतराव मागून घ्यायचे. लोकांना वाटायचं, याचं डोकं फिरलंय. कारण साधं होतं. जगात एवढ्या एकाच ठिकाणी त्यांची वाट पाहिली जायची.

गावाची एक रीत होती. गाडीवाल्यांना जेवू घालायची पाळी घरोघर फिरायची. ज्या घराची पाळी, त्याच्या दाराशी बांबूची एक दांडी टेकवलेली असायची, वरच्या टोकाला लाल चिंधी बांधलेली. गाडीतून उतरायचं, दांडी कुठे दिसते ते बघायचं आणि त्या दारी जाऊन हातपाय धुवायचे. विचारणं नाही, सांगणं नाही. भात असायचा, अंबाडीची भाजी असायची, पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब. सकाळी गाडी निघाली की घरची बाई दांडी उचलून शेजारच्या दाराला लावायची. गुणवंतरावांच्या मते ताजमहाल वगैरे ठीक आहे, पण बघायला जावं असं काही असेल तर ती दांडी.

हे सगळं दिव्यानीनं इतक्यांदा ऐकलं होतं की तिचे कान किटले होते. एका संध्याकाळी तिनं हात टेकले.

"बाबा, मले आता ते दांडी सपनात दिसते. तुमी हे लिहून काऊन नाई टाकत? ब्लॉग काढून देते तुमाले."

"ते काय असते?"

"लोकं आपल्या आवडीच्या जागेवर लिहितेत. कोणी गोव्यावर, कोणी ताडोब्यावर. तुमी कोसमटोल्यावर लिहा."

"कोण वाचन?"

"कोणी नाई वाचलं तरी चालते. मले तं आराम भेटन."

गुणवंतराव लिहायला बसले. पहिलं वाक्य असं उतरलं: 'सदरहू गाव हे तालुक्याच्या ठिकाणापासून दूर अंतरावर वसलेले असून तेथे मुक्कामी फेरी चालविली जाते.' दिव्यानीनं कपाळाला हात लावला. "बाबा, हा चौकशी अहवाल आहे का? बोलता तसं सांगा, मी टाइप करते." मग ते बोलत गेले आणि ती टाइप करत गेली. ब्लॉगचं नाव ठेवलं 'शेवटचा थांबा'. जुन्या मोबाइलमधला एक फोटो चढवला. सुकरीचं दार, दाराशी दांडी, दांडीखाली माती उकरणारी कोंबडी. सुकरी गावातली म्हातारी, एकटी राहणारी, आणि वाढताना ताटावर आडवा धरलेला हात न जुमानणारी. शेवटी गुणवंतरावांनी मोठ्या ऐटीत सांगितलं, "लिही. शेवटच्या गाडीनं या. जेवायची फिकर करू नका. लाल चिंधीची दांडी ज्या दाराशी दिसन, त्या घरी जा."

पुढचा महिनाभर काही झालं नाही. नंतर कुठल्याशा फिरस्त्या पोरीनं ते वाचून आपल्याकडे टाकलं, तिचं तिसऱ्यानं उचललं, आणि बघता बघता ब्लॉगखाली लोक हात जोडायला लागले. 'अशी माणसं अजून आहेत!' 'यंदा नक्की जाणार!' दिव्यानी ड्यूटीवरून आली की गुणवंतराव पाण्याआधी विचारायचे, "किती लोकायनं वाचलं?" खुर्ची आता अंगणातच राहू लागली. थकवा गेला नव्हता, पण त्याची आठवण कमी यायची.

दसऱ्याच्या आधी सुरज घरी आला. हा आता त्या मार्गावरचा कंडक्टर, गुणवंतरावांनीच हाताखाली तयार केलेला. चहा समोर ठेवला तरी त्यानं कप उचलला नाही.

"भाऊ, तुमी काय लिहून ठेवलं बाप्पा?"

"काऊन? वाचलं तू?"

"मी कायले वाचू? वाचणारे रोज माझ्याच गाडीत बसून येऊन राह्यले. शनवारी तं उभे होते. उतरले का सगळे दांडी शोधतेत. गेल्या शनवारी सुकरीबाईची पाळी होती. दहा जण गेले तिच्या घरी. तिनं ते कोंबडी कापली. लोकं घरात झोपले आन् म्हातारी बाहेर सपरीत."

फोटोतली कोंबडी गुणवंतरावांच्या डोळ्यांपुढे माती उकरत होती.

"तिनं नाई म्हणायचं होतं."

"दांडी दाराशी असल्यावर कसं म्हणन? तुमी तं अर्धी जिंदगी तिथी जेवले," सुरज म्हणाला. "आता धान कापणीले यायचं आहे, कोठ्या खाली झाल्या. कोणी दांडी घरात लपवून राह्यलं, तं ते लोकं घरोघरी विचारतेत, दांडी कोणाकडे आहे. एक जण म्हणे, फुकट जेवण भेटते असं लिहिलं आहे."

"मी फुकट नाई लिहिलं."

"मंग काय लिहिलं?"

काय लिहिलं नाही, ते आता गुणवंतरावांच्या ध्यानात येत होतं. गाडीवाल्यांनी फुकट कधी खाल्लंच नव्हतं. जाताना ते मिठाचं पोतं न्यायचे, तापाच्या गोळ्या न्यायचे, कोणाचा मोडलेला चष्मा दुरुस्त करून आणायचे. कोणी बाळंतपणाला निघाली असेल तर सकाळची गाडी ती थांब्यावर पोचेपर्यंत हलायची नाही, मग वरून कोणी काही म्हणो. हे सगळं लिहिलं तर मिरवल्यासारखं दिसेल म्हणून त्यांनी गाळलं होतं. रीतीचा एक हात लिहिला आणि दुसरा लाजेपोटी खिशात ठेवला. वाचणाऱ्याला काय कळणार, जेवण कशाच्या बदल्यात होतं ते.

निघताना सुरज दारात थांबला. "सुकरीबाईनं निरोप देला. गुणवंतभाऊले म्हणावं, शनवारी येऊन जाय. बस, एवढंच."

त्याच संध्याकाळी दिव्यानीनं ब्लॉग काढून टाकला. गुणवंतरावांना हायसं वाटणार, तोच तिनं तोंड वाकडं करून मोबाइल पुढे केला. दांडीचा फोटो आणि खालची ती ओळ भलभलत्या लोकांनी आपापल्या नावावर लावून ठेवली होती. एकानं तर वर गाणं चढवलं होतं. सोडलेली गाडी हात दाखवून परत येत नाही, हे निदान कंडक्टरला तरी कळायला हवं होतं.

"नका जाऊ बाबा. फोनवर माफी मांगा," दिव्यानी म्हणाली. "गुडघे पाहा तुमचे. मलेबी सुट्टी नाई."

"तिच्याकडे फोन कुठी आहे? आन् बोलावलं आहे तिनं."

जायची इच्छा त्यांना अजिबात नव्हती. गावानं दोन शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी खाली मान घालून ऐकल्या असत्या. भीती वेगळीच होती. गाडीतून उतरावं आणि कोणी ओळखच दाखवू नये, ही भीती. आशाबाईंना एकदा कोसमटोला दाखवायचा राहून गेला होता, आणि त्या गेल्यावर मनात जायला तेवढी एकच जागा उरली होती. ती आपल्या हातानं घालवली असेल तर उरलेले दिवस खुर्ची हलवण्यातच जाणार होते.

शनिवारी त्यांनी अर्धं पोतं तांदूळ, डाळ, मीठ आणि तेलाचं पाकीट बांधून घेतलं. सुकरीच्या दारात ठेवायचं, हात जोडायचे, रात्री गाडीतच पडायचं आणि सकाळी परत यायचं, असा सगळा बेत होता. सुरजनं त्यांना पुढची जागा दिली. मागे नागपूरची चार पोरं-पोरी मोठाल्या पिशव्या घेऊन बसली होती. त्यातली एक जण पुढे वाकली.

"काका, कोसमटोला शेवटचाच स्टॉप ना? तुम्ही तिथलेच का?"

"नाई," गुणवंतराव म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. आयुष्यभर ज्या खड्ड्यांत ते न धरता उभे राहिले होते, तेच खड्डे आज बसल्या जागी गुडघ्यात कळ काढत होते. माफीची वाक्यं त्यांनी तीन-चार प्रकारे जुळवून पाहिली. प्रत्येक वाक्य 'सदरहू'नं सुरू होत होतं.

गाडी पोचली तेव्हा अजून उजेड होता. खाली उतरताच सवयीनं त्यांचे डोळे दांडी शोधू लागले. सुकरीच्या दाराशी नव्हती. पलीकडच्या दारीही नव्हती. ओळीनं सगळी दारं त्यांनी पाहिली आणि कुठेच लाल चिंधी दिसेना. दारांतून माणसं बघत होती, पण पुढे कोणी येत नव्हतं. गावानं रीत बंद केली, त्यांच्या मनात आलं. आपल्यामुळे बंद केली. ते तांदळाच्या पोत्यावर मटकन बसले.

"दांडी तर तिथे आहे," मागून ती नागपूरची पोरगी म्हणाली.

गुणवंतराव वळले. गाडीथांब्याचा पत्र्याचा निवारा झाडून शेणानं सारवला होता. कडेला तीन दगडांची चूल, शेजारी फोडलेली लाकडं, पाण्यानं भरलेला पितळी गुंड, पत्रावळींची चळत. आणि खांबाला टेकवून दांडी उभी होती. चुलीजवळ सुकरी बसली होती, पूर्वीपेक्षा बरीच वाळलेली.

"जोहार, भाऊ," ती म्हणाली. "लवकर करा. पाहुणे भुकेजले असन."

"मी?"

"मंग कोण? गावची बैठक झाली. कोणी म्हणे दांडी मोडून टाका. मी म्हणलं, काऊन मोडाची? ज्यानं बोलावलं त्यानं वाढावं. शनवारचे पाहुणे तुमचे. बाकी दिवसाचं आमी पाहून घेऊ."

"सुकरीबाई, माझं चुकलं. मी ते काढून टाकलं. आता..."

"काढलं तं चांगलं केलं. येणारे थांबतवर या," ती म्हणाली. माफी तिनं ऐकलीसुद्धा नाही. "तुमाले घर नाई ना इथी. म्हून थांब्याले दांडी लावली."

दर शनिवारी. ते गुडघे, ते खड्डे, तो धूर. गुणवंतरावांना नुसत्या विचारानंच दमायला झालं. पण ते उठले. एक हात खांबाला, एक गुडघ्याला, असे चुलीपाशी बसले आणि फुंकर घालू लागले. आशाबाई गेल्यावर त्यांना डाळभात तेवढा जमू लागला होता. ओल्या लाकडांनी धूर केला आणि डोळ्यांतून पाणी आलं. सगळंच काही धुराचं नव्हतं. नागपूरच्या पोरांना काही तरी उमगलं असावं. एकानं न सांगता लाकडं पुढे सारली, दुसरा पाणी आणायला गेला. सुरजनं तांदूळ धुतले.

डाळ पातळ झाली होती आणि भात खाली लागला होता. गुणवंतरावांनी पत्रावळी मांडल्या, पोरांना वाढलं, ड्रायव्हर आणि सुरजला वाढलं. रांगेच्या शेवटी सुकरी आपली पत्रावळ घेऊन बसली होती. इतक्या वर्षांत ती त्यांच्यासमोर कधी जेवायला बसलेली त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी तिला वाढलं. तिनं हात आडवा धरला नाही.

ती पोरगी जेवता जेवता त्यांच्याकडे बघत होती.

"काका, तुम्ही तर म्हणालात इथले नाही. मग इथले आहात की नाही?"

गुणवंतरावांनी भाताचं भांडं उचललं. सुकरीनं तोंडातला घास सावकाश गिळला.

"घर नाई त्याईचं इथी," ती म्हणाली. "पाळी आहे."

आणि तिनं भातासाठी पत्रावळ पुढे केली.