शिवांजलीचा रिकामा रकाना

मी काटा बोलतोय. किराणा दुकानातला नव्हे, लेकरं तोलणारा. तेरखेड्याजवळच्या एका वस्तीवरच्या अंगणवाडीत मला आढ्याला टांगलं, हुकाला कापडी झोळी अडकवली, आणि माझ्या जन्माला अर्थ आला.

दैवशालाताई तिथल्या सेविका. दर महिन्याला त्या लेकरं तोलत आणि भिंतीवरच्या तक्त्यात नोंदी करत. आयांना समजावून सांगत, "आडव्या वळीत एक लेकरू. उभ्या रकान्यात एकच गोष्ट. वय, वजन, न्हायतर उंची. दोन्ही जिथं भेटत्यात, तिथं त्या लेकराचा आकडा." मुलगा की मुलगी, हाही एक रकाना होता. तो विचारून भरायचा. वजनाचा मात्र मोजल्याशिवाय भरायचा नाही.

बाकीची पोरं झोळीत बसवली की भोकाड पसरत. महादेवीची शिवांजली तेवढी हसायची. पाय असे झाडायची की माझी सुई थाऱ्यावर येत नसे. भरायची साडेआठ किलो. वयाच्या मानानं ते कमीच. ताईंच्या कपाळावर आठी पडायची, आणि मला मात्र ती झोळीतून उतरूच नये असं वाटायचं.

दिवाळी झाली आणि महादेवी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. लेकरू सोबत नेलं. त्या महिन्यात शिवांजलीच्या ओळीत वजनाचा रकाना कोरा राहिला.

तपासणीला आलेल्या मॅडम म्हणाल्या, तक्ता अपुरा दिसतो, बाकीच्यांची सरासरी काढून टाका तिथं.

ताई हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, सरासरी दुसऱ्या लेकरांची हाय. शिवांजली किती भरती, ते तिला तोलल्याबिगर मी कसं लिहू?"

मॅडमनी ओळीच्या सुरुवातीचं नाव वाचलं. मग म्हणाल्या, "राहू दे कोरा. पण का कोरा आहे, ते लिही. आणि पोरगी कुठं आहे, ते शोध."

ताईंनी फोनवर फोन केले. कारखान्याजवळच्या गावातली सेविका उसाच्या फडावर गेली, शिवांजलीला तोललं. आठच किलो भरली. त्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं.

ताईंनी तो आकडा रकान्यात लिहिला आणि पदरानं डोळे पुसले. आकडा आला होता, लेकरू आलं नव्हतं. झोळी वाऱ्यानं हलली तरी माझी सुई थरथरायची.

गुढीपाडव्यानंतर शिवांजली आली. गाल भरले होते. पण तोवर अंगणवाडीत झळकत्या आकड्यांचा सपाट काटा आला होता. ती आपल्या पायांनी त्यावर उभी राहिली. मला आढ्यावरून काढून भिंतीतल्या खिळ्याला अडकवलं होतं, तिथून मी बघत होतो. किती भरली, ते मला दिसलंसुद्धा नाही.

आता मला गंज चढलाय. माझी कुणाविषयी तक्रार नाही. तक्ता वाचणाऱ्यांनो, एवढंच करा. आकड्यावर बोट ठेवण्याआधी ओळीच्या सुरुवातीचं नाव मोठ्यानं वाचा. मला ऐकायचं असतं.