लांबचे काका

"कोणाचं सुतक?"

अरुण जिन्यातच थांबला. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात जरीचा खण आणि काखेत पडद्याची दांडी. नेदरलँड्समधल्या हार्लेममध्ये बांबू कुठून आणायचा, म्हणून गेली अकरा वर्षं त्यांची गुढी पडद्याच्या दांडीवरच उभी राहत होती.

"माझं. मी पाळतेय," मंजूषा म्हणाली. "पुढच्या रविवारी दहावा. तोवर देवापुढे दिवा नाही, गोडधोड नाही आणि मंगळवारी गुढीही नाही."

"अगं पण गेलं कोण?"

"सतीश मालगावे. माझ्या वर्गात होता. काल मिरजेत गेला. कोविड."

अरुणनं बायकोच्या माहेरचं सगळं गणगोत मनातल्या मनात पालथं घातलं. त्यात मालगावे कुठेच सापडेनात. "वर्गातल्या मुलाचं सुतक? असं नसतं गं. भावकीत दहा दिवस, मामा-मावशी असेल तर तीन. वर्गमित्राचं काही नसतं. फार तर डोक्यावरून आंघोळ कर."

"काय असतं ते मलाही माहितीये. तरी मी पाळणार आहे."

"पण का?"

"कारण माझं त्याच्यावर प्रेम होतं. तुझ्या आधी. तुला कधी सांगितलं नाही, आता सांगतेय."

अरुणनं तांब्या पायरीवर ठेवला. मग उचलला, पुन्हा ठेवला. तो वाईट माणूस नव्हता. मराठी मंडळाचा नऊ वर्षं सेक्रेटरी असलेला, वेळेवर पोचणारा, लोकांचे वाढदिवस लक्षात ठेवणारा गृहस्थ होता. असल्या प्रसंगी काय करायचं हे मात्र त्याला कोणी शिकवलं नव्हतं. "बरं," एवढंच म्हणून तो दांडी परत माळ्यावर ठेवायला गेला.

मंजूषा एक्कावन्न वर्षांची होती. झुइडास या ऑफिसांच्या भागातल्या एका बँकेत सॉफ्टवेअर तपासायचं काम ती करायची, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका हुडकायच्या आणि गोड शब्दांत कळवायच्या. गेलं वर्षभर हेच काम जेवणाच्या टेबलावरून चाललं होतं. तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं, असं तिला ओळखणाऱ्या कोणीही शपथेवर सांगितलं असतं. शिक्षण, नोकरी, लग्न, पुणे, मग नेदरलँड्स, घराचं कर्ज, एक मुलगी. तक्रार अशी काहीच नव्हती.

एक गोष्ट तेवढी होती. कराडला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला तिच्या ड्रॉइंगच्या शीटवर नेहमी डाग पडायचे, आणि मागच्या बाकावरचा सतीश तिच्या पेन्सिलींना टोक करून द्यायचा. ब्लेडनं, लांब, सुईसारखं टोक. चार वर्षं दिली त्यानं टोकं करून. बोलणं कमी, हसणं भरपूर, अंगात तोच निळा स्वेटर. शेवटच्या परीक्षेनंतर तो म्हणाला, "तुझ्या घरी येऊ का? बाबांशी बोलतो." ती म्हणाली, "ये."

तो आला. नवा शर्ट घालून, मिरजेहून एसटीनं, हातात पेढ्यांचा पुडा. तो ओसरीवर चप्पल काढत असताना बाबांनी आतून विचारलं, "कोण आहे गं?" आणि मंजूषा, जिनं आदल्या रात्री आरशासमोर तीनदा सराव केला होता, ती म्हणाली, "कुणी नाही. वर्गातला आहे."

सतीशनं ते ऐकलं. दारातच तर होता. तो आत आला, चहा प्यायला, बाबांशी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या, पेढे टेबलावर ठेवले आणि "येतो काकू" म्हणून गेला. पुढे कधी त्यानं शब्दानं तिला बोल लावला नाही. पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागला, लग्न झालं, दोन मुलं झाली. कॉलेजच्या ग्रुपवर तो दर रविवारी सगळ्यांना 'शुभ सकाळ' घालायचा, आणि गेली काही वर्षं ती एकशेवीस जणांसाठी असलेल्या त्या 'शुभ सकाळ'मधली आपल्यापुरती तेवढी उचलून घ्यायची. "कुणी नाही" हे दोन शब्द मात्र तिच्या घशात तसेच राहिले होते.

जानेवारीत, सगळं बंद असताना, मुलीनं, प्रांजलीनं, तिला एक कोरियन सिनेमा दाखवला होता. प्रांजली युट्रेख्टला शिकायची. कॉलेज ऑनलाइन झाल्यापासून ती घरीच होती. सिनेमा साधाच होता. एका बंदरावरच्या गावात एक मुलगा आणि एक मुलगी. तो तिला बर्फाच्या कारखान्याच्या मागे पोहायला शिकवतो. मग जे व्हायचं तेच होतं, दोघं दोन दिशांना जातात. वीस-पंचवीस वर्षांनी तो गेल्याचं तिला कळतं आणि ती बस पकडून येते. तिकडे म्हणे दारात एक वही ठेवलेली असते, येणाऱ्यानं तीत नाव लिहायचं. ती बाई पेन हातात धरून उभीच राहते. शेवटी लिहिते. फक्त नाव, पुढे काही नाही. मग त्याची बायको तिच्यासमोर सूपचा वाडगा आणून ठेवते आणि म्हणते, "लांबून आलात. जेवून जा." ती जेवते. रडत नाही, सगळं सूप संपवते.

मंजूषानं तो सिनेमा चार वेळा पाहिला. "आई, यू नो हाऊ इट एंड्स," प्रांजली हसायची. आई मात्र शेवटासाठी तो बघतच नव्हती. तिला ती वही बघायची असायची. आपल्यात अशी वही नसते. आपल्यात नातं सांगावं लागतं, आणि ते सांगता आलं नाही तर माणसानं घरी बसून गप्प राहायचं असतं.

त्याच दिवशी, शनिवारी दुपारी, मंडळातल्या मृदुलाचा फोन आला. पाडव्याच्या झूमचं सूत्रसंचालन मंजूषाकडे होतं. "मला सुतक आहे गं, जमणार नाही," एवढं बोलून मंजूषानं फोन ठेवला, कारण पुढे तिला बोलवेना.

संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. मृदुला सायकलवरून उतरून, स्टीलचा डबा उंबऱ्यावर ठेवून, मास्क लावून दीड मीटर मागे उभी होती. "पिठलं-भात आहे. आज चूल पेटवू नकोस. काही विचारत नाही मी, तू जेव." आणि ती गेलीसुद्धा. मंजूषानं डबा उघडला तेव्हा वाफ येत होती. टेबलापाशी उभ्या उभ्याच तिनं तो अर्धा संपवला आणि मग ती खाली बसून हमसाहमशी रडली.

इथपर्यंत सगळं नीट होतं. पण मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी विचारलं, 'मंजूषाकडे काय झालं?' सेक्रेटरी या नात्यानं उत्तर देणं अरुणला भाग होतं. त्यानं लिहिलं, 'तिचे लांबचे काका गेले.' नाव विचारल्यावर जे सुचलं ते ठोकून दिलं: मनोहरकाका. पुढच्या तासाभरात एकेचाळीस जणांनी मनोहरकाकांना भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. एकानं तर 'एकदा भेटलो होतो, फार दिलदार माणूस' असंही लिहिलं.

मंजूषानं ते रात्रीच्या जेवणाच्या वेळी वाचलं.

"हे काय आहे?"

"मग काय लिहू? बायकोचा जुना…" अरुण अडखळला. "लोक काय म्हणतील, मंजू? माझ्याबद्दल काय म्हणतील? मी तुला घरात अडवलं का? पाळ ना तू. दिवा नको, नको. गुढी नको, नको. बाहेर मात्र काका असू देत. कुणाचं काय जातं?"

"त्याचं जातं."

"तो तर गेलाच आहे!"

"म्हणूनच," ती म्हणाली. "तो जिवंत असताना मी त्याला एकदा 'कुणी नाही' केलं. आता तू काका करतोयस. मी होऊ देणार नाही, अरुण. तू ते पुसून टाक."

त्यानं पुसलं नाही. पुसलं असतं तर का पुसलं हे सांगावं लागलं असतं.

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता झूम सुरू झालं. बाहेर अजून लख्ख उजेड होता. साठेक चौकोन उघडले आणि बहुतेकांच्या मागे तीच एक चित्रातली गुढी उभी होती. अरुण मान हलवायचा तेव्हा त्याचा कान तिच्यात बुडायचा. मंजूषानं जेवणाच्या टेबलावरून स्वतःचा लॅपटॉप जोडला होता. तिच्या मागे काही नव्हतं, नुसती भिंत. मंडळाचे अध्यक्ष नीळकंठराव घसा खाकरून म्हणाले, "कार्यक्रम सुरू करण्यापूर्वी या महामारीत गेलेल्या सर्वांना, आणि विशेषतः आपल्या मंजूषाताईंचे काका कैलासवासी मनोहरराव यांना आपण दोन मिनिटं—"

"थांबा," मंजूषा म्हणाली.

वरच्या खोलीतून अरुणची खुर्ची करकरल्याचं तिला ऐकू आलं. ओसरी, चप्पल, पेढ्यांचा पुडा, सगळं पुन्हा समोर आलं आणि तिला स्वतःचा भयंकर राग आला. त्या रागानंच तिला पुढे ढकललं.

"मनोहरकाका कुणी नाहीत. असा माणूस नव्हताच. गेला तो सतीश मालगावे, मिरजेचा. नात्यातला नाही. माझं त्याच्यावर प्रेम होतं, कॉलेजात असताना. लग्न झालं नाही, कारण बोलायच्या वेळी मी बोलले नाही. त्यात त्याचा काही दोष नव्हता आणि अरुणचाही नाही. त्याचं सुतक मी पाळतेय. दोन मिनिटं उभं राहायचं असेल तर सतीशसाठी राहा, नाहीतर नका राहू. मी राहणार आहे."

आणि ती उभी राहिली. लॅपटॉपच्या पडद्यावर त्यामुळे तिचं फक्त पोट दिसत होतं, पण तिला त्याची पर्वा नव्हती. साठ चौकोनांत कोणी हललं नाही. मग काही चौकोन काळे झाले. कोणीतरी हळूच म्हणालं, "अहो, पण सणाच्या दिवशी…" दोन मिनिटं होताच ती खाली बसली आणि लॅपटॉप बंद केला.

प्रांजली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "खूत झो, आई," ती म्हणाली. इथल्या शाळेत बाई लहान मुलांना शाबासकी देताना म्हणतात तसं. मग तिनं येऊन आईच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. आईपेक्षा ती बरीच उंच झाली होती.

अरुण त्या रात्री बोलला नाही. ग्रुपवरही सगळं चिडीचूप होतं. मृदुलाचा चौकोन काळ्या झालेल्यांत होता की नव्हता, हे मंजूषानं पाहिलं नव्हतं, आणि आता तिला तेच सारखं छळत होतं.

बुधवारी सकाळी ती डबा परत द्यायला निघाली तेव्हा तो जड लागला. उघडून पाहिलं तर आत वाटीभर साखर होती. आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर का होईना काहीतरी घालतात. मात्र सुतकातला डबा रिकामाच द्यायचा असतो.

"तू घातलीस?"

अरुण चहाचा कप घेऊन खिडकीशी उभा होता. "मृदुलाकडे जातेयस ना? साखर बघितली की ती समजेल, झालं गेलं, संपलं. विषय मिटेल गं. तुझाही, माझाही."

"मला मिटवायचा नाहीये," मंजूषा म्हणाली. आवाज तिनं चढवला नाही. साखर बरणीत परत ओतली, डबा पुसून कोरडा केला आणि सायकलच्या पिशवीत ठेवला. अरुण बघत राहिला. ती दाराबाहेर पडता पडता तो म्हणाला, "गारा पडतायत. रेनकोट घे." तिनं घेतला.

नदीवरच्या पुलावर वारा समोरून होता. रिकामा डबा पिशवीत खुळखुळत होता. मृदुलानं दार उघडलं नाही तर काय, याचा विचार तिनं पूल उतरेपर्यंत केला आणि मग सोडून दिला. उघडलं नाही तर डबा उंबऱ्यावर ठेवायचा. पण रिकामाच.

मृदुलानं दार उघडलं. मंजूषानं डबा पुढे केला आणि मागे सरून उभी राहिली. मृदुलानं झाकण काढलं, आत पाहिलं, तळ कोरडा असल्याची खात्री करून घेतल्यासारखं थोडा वेळ पाहतच राहिली. मग झाकण लावलं.

"पिठलं फार तिखट झालं होतं का गं?"

"नाही. बरं होतं."

"दहावा रविवारी ना? तोवर मी देत जाईन डबा." तिनं रिकामा डबा छातीशी धरला. "मालगावे म्हणालीस ना? सतीश मालगावे?"

"हो," मंजूषा म्हणाली. "सतीश."