मुन्नाच्या पायांचे पट्टे

माणिकराव कऱ्हाळे म्हणजे नर्सीच्या अलीकडच्या आमच्या गावातलं वजनदार माणूस. विहिरीवर बागायत, दारात ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टर असूनही हौसेनं पाळलेली एक बैलजोडी. या माणसाला आयुष्यात एकाच गोष्टीची धास्ती होती, लोक हसतील याची. म्हणून ते कधी कुणाच्या वरातीत नाचले नाहीत की होळीला रंगले नाहीत. आणि शेवटी त्यांची फजिती झाली ती नेमकी पोरीची सोयरीक ठरायच्या दिवशी, स्वतःच्या अंगणात.

त्यांचा थोरला मुन्ना पुण्याला 'कंपनीत' होता. कोणत्या कंपनीत असं विचारलं की माणिकराव "मोठी हाय" एवढंच म्हणत आणि तंबाखू मळायला घेत. खरी गोष्ट अशी होती की मुन्ना लग्नाच्या वरातीत उड्या मारायचा. तेव्हा शहरात ते स्प्रिंगचे पाय नवे नवे आले होते. ॲल्युमिनियमच्या नळ्या, मागं धनुष्यासारखी वाकणारी पट्टी, खाली रबराचा खूर. त्यात पाय घालून गुडघ्याखाली पट्टा आवळला की माणूस हातभर उंच होतो, आणि उडी मारली की घोड्यावरच्या नवरदेवाच्या डोक्याबरोबर जातो. मुन्ना चमकीचे कपडे घालून घोड्यापुढं उडायचा आणि पोरंसोरं टाळ्या पिटायची. हे माणिकरावांना कळून दोन वर्षं झाली होती. त्यांनी ते सख्ख्या भावालासुद्धा सांगितलं नव्हतं.

धाकटी सृष्टी डी.एड. झालेली. मागच्या साली तिचं एक स्थळ जुळत आलं आणि मोडलं. काहून मोडलं ते कुणी सांगितलं नाही, पण माणिकरावांनी मनाशी पक्कं धरलं की मुन्नाचं कळलं असणार. आता हट्टा गावचे जळबाजी आपल्या शिक्षक मुलासाठी पाहायला येणार होते. घर चांगलं, मुलगा निर्व्यसनी, सृष्टीलाही फोटो आवडलेला. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, एवढं एकच माणिकरावांच्या डोक्यात होतं.

बहिणीचं ठरतंय म्हणून मुन्ना आदल्या दिवशी घरी आला तो खांद्यावर पोतं घेऊन. पोत्यात ते पाय. माणिकरावांनी पोतं गोठ्यात ठेवायला लावलं आणि पाहुण्यांनी विचारलं तर कंपनी म्हणायचं, असं बजावलं. मुन्ना "म्हणतो" म्हणाला. वाद घातला असता तर माणिकरावांना बरं वाटलं असतं, त्यांना ओरडता तरी आलं असतं.

सकाळी मुन्ना हौदावर अंघोळीला बसला तेव्हा त्यांची नजर त्याच्या पायांवर गेली. दोन्ही गुडघ्यांखाली कातडं सोलून लाल झालं होतं. एक जखम सुकलेली, तिच्यावर दुसरी उघडी. सुमनबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, विचारलं तेव्हा तो म्हणाला की मूळचे पट्टे धरत नाहीत, म्हणून मोटरसायकलच्या ट्यूबची पट्टी आवळतो, घामानं ती घासते. लग्नसराई येऊन राहिली, चालायचंच, असं म्हणून त्यानं पँट चढवली.

माणिकरावांनी उभ्या आयुष्यात मानेला जखम झालेला बैल जुंपला नव्हता. दुसऱ्यानं जुंपलेला दिसला तरी ते रस्त्यात गाडी थांबवून त्याची आईबहीण काढत. पोराला ते एक शब्द बोलले नाहीत. पण जेवणं झाली, मुन्ना अर्धी चड्डी घालून गोठ्यातल्या खाटेवर झोपला, तसं त्यांनी हळूच ते पोतं ओढून ओट्यावर आणलं. पाहुणे चार वाजता येणार होते. तेवढा वेळ पुष्कळ होता.

जुन्या खाटेची नवार त्यांनी काढली. फाटक्या घोंगडीचे तुकडे कापले, दुहेरी नवारीच्या आतून घोंगडी लावली आणि दाभणानं सुतळीची टीप घातली. ज्या जागी हाड टेकतं तिथं घोंगडीचा जास्तीचा थर. काम असं सुबक की बैलाला सणाला घालावं. ट्यूबच्या पट्ट्या त्यांनी उकिरड्यावर भिरकावल्या. मूळ पट्ट्याची चिकटणारी पट्टी त्यांना पटली नाही, बकलांवर तर त्यांचा भरवसाच नव्हता. म्हणून त्यांनी नवारीचे लांब बंद ठेवले, जू बांधताना मारतात ती गाठ मारायला. ही गाठ बैल ओढील तशी आवळत जाते. सुटायची चिंता नाही. माणसाला ती सोडावीही लागते, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

आता पट्टा टोचतो कुठं हे घातल्याशिवाय कसं कळणार? मुन्नाला उठवावं तर तो विचारणार, तुमी काहून केलं? त्याला काय उत्तर द्यावं ते माणिकरावांना ठाऊक नव्हतं. तेव्हा त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, धोतर मांड्यांपर्यंत खोचलं, ओट्याच्या काठावर बसून दोन्ही पाय चढवले, गाठी मारल्या आणि खांब धरून उभे राहिले.

या पायांची एक खोड आहे. त्यांच्यावर एका जागी उभं राहता येत नाही. खाली खूर एवढासा, थांबलं की तोल जातो, म्हणून सारखं पाऊल टाकत राहावं लागतं. माणिकरावांनी खांब सोडला मात्र, ते चार ढांगांत अंगणाच्या मधोमध. परत फिरायला जावं तर पट्टी वाकली आणि त्यांनी चक्क एक उडी मारली. पुढच्या ढांगेला गोठ्याच्या पत्र्याचा काठ हाताला लागला, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला. पट्टे मात्र छान बसले होते, कुठंही टोचत नव्हते. तेवढ्यात दारात जीप थांबली.

पाहुणे ठरल्या वेळेच्या दोन तास आधीच आले होते. जळबाजी, त्यांचा मुलगा आणि मुलाचे मामा. पाहिलं तर मुलीचा बाप हातभर हवेत, मांड्या उघड्या, पत्र्याला लोंबकळून एका जागी पाय आपटून राहिलेला. मामांना हसू आवरेना, त्यांनी खोकल्याचं सोंग केलं. नवरा मुलगा बिचारा जमिनीकडं पाहत राहिला. सुमनबाई दाराशी आल्या, पदर तोंडाशी नेला आणि तशाच आत गेल्या. माणिकरावांच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं.

जळबाजी तेवढे पुढं आले, त्यांनी माणिकरावांना कमरेला धरलं आणि हे काय म्हणून साधेपणानं विचारलं. याच वेळी गोठ्यातून मुन्ना बाहेर आला. डोळ्यांवर झोप, अंगात बनियन, अर्धी चड्डी आणि दोन्ही नडग्या सोललेल्या. हा पुण्याच्या कंपनीतला साहेब म्हणून आता कुणाच्या गळी उतरणार होता? माणिकरावांच्या तोंडून जे निघालं ते त्यांनी योजलेलं नव्हतं.

"या पोराचं हाय ते," ते म्हणाले. "कुठल्या तरी वरातीच्या पार्टीतलं पोरगं हाय. पट्टे दुरुस्त करून मागाया आलतं. आमी वळखत न्हाई."

मुन्ना जागच्या जागी थांबला. त्यानं एकदा बापाकडं पाहिलं, मग पाहुण्यांकडं. आणि पुढं येऊन तो खाली बसला.

"पाय हालवू नका, मालक," तो म्हणाला.

मालक. माणिकरावांना वाटलं, यापेक्षा त्यानं पायताण काढलं असतं तर बरं. वरून जळबाजींनी धरलेलं, खाली पोरगं गाठीशी झटत असलेलं. गाठ अशी बसली होती की नखं मोडायची वेळ आली. शेवटी त्यानं दातांनी बंद ओढला. एक पाय सुटला तशी तिथं पांढरी पडलेली पोटरी तो दोन्ही हातांनी चोळायला लागला आणि दातओठ खात पुटपुटला, "एवढं आवळतेत का? पाय काळानिळा पडला असता मंग?" मग दुसरा सोडला, तोही चोळला. ते पाय उचलून तो गोठ्यात निघून गेला. मागं वळून पाहिलं नाही.

पुढचं सगळं रीतीप्रमाणं झालं. माणिकराव धोतर सावरून, टोपी घालून बैठकीत बसले. पोहे आले. सृष्टी आली, तिला दोन-चार गोष्टी विचारल्या, तिनं खालच्या मानेनं बराबर उत्तरं दिली. मामांनी मुलीच्या भावाची चौकशी केली, तो दिसत नाही म्हणून. त्याला सुट्टी मिळाली न्हाई, असं माणिकरावांनी सांगितलं. हे वाक्य ऐकताना सृष्टीनं मान वर केली आणि बापाकडं पाहिलं, ते फक्त त्यांनाच दिसलं. जळबाजी बशीत चहा ओतून फुंकत बसले होते. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, त्या बाहेरच्या पोराला चहा दिला का?

सृष्टीच उठली, "मी नेते" म्हणाली आणि पाहुण्यांसमोरचा भरलेला कप उचलून गोठ्याकडं निघून गेली. पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोरून पोरगी अशी उठून जात नाही. मामांनी भुवया चढवल्या.

मोडली तर सोयरीक मोडो असं काही माणिकरावांना वाटलं नाही, उगीच त्यांना मोठेपणा कशाला द्या. सोयरीक व्हावी असंच त्यांना वाटत होतं. पण पोटऱ्यांवर त्या पोराचे हात अजून जाणवत होते. ते खाली पाहत म्हणाले, "पाव्हणं, ते पोरगं माझं हाय. थोरलं. वरातीत उड्या मारतंय. कंपनी बिंपनी काही न्हाई."

जळबाजींनी बशी खाली ठेवली.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "मी तुमाला धरून उभा होतो न्हवं का? परकं पोरगं मालकावर एवढं चिडत न्हाई. तवापासून वाट पाहून राहिलो, तुमी कवा सांगता म्हणून." मग म्हणाले, "बोलवा त्याला. भाऊ बसल्याबिगर पोरीचं काय बोलावं?"

म्हणजे या माणसानं सगळं पाहिलं होतं. उघड्या मांड्या पाहिल्या होत्या, त्याचं काही नाही. एक बाप लेकराला ओळखत नाही म्हणतो, तेही पाहिलं होतं, आणि तरी त्याच्या घरचे पोहे खाल्ले होते. माणिकराव उठले तेव्हा त्यांना कुणाच्या तोंडाकडं पाहवलं नाही.

गोठ्यात मुन्ना खाटेवर बसून नव्या पट्ट्यांवरून बोट फिरवत होता. शेजारी रिकामा कप. सृष्टी बापाला पाहून बाजूनं निघून गेली.

"चल, आत बोलवलंय," माणिकराव म्हणाले.

"कुणाला?" मुन्नानं मान वर न करता विचारलं.

माणिकराव खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसले. "मला लाज वाटली रे," ते म्हणाले. "तुझीच वाटली. खोटं कशाला बोलू?"

"ते तं दोन सालापासून ठाऊक हाय मला," मुन्ना म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यानं पट्टे पोत्यात घातले, खुंटीवरचा शर्ट अंगात चढवला, केसांवरून हात फिरवला आणि एकटाच घराकडं चालू लागला.

माणिकरावांना उठवेना. बैठकीची खिडकी गोठ्याकडंच होती, त्यामुळं आतलं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. जळबाजींनी त्याला जवळ बसवून घेतलं असावं. मग त्यांनी नवख्या माणसाला विचारतात तसं विचारलं, पूर्ण नाव काय तुमचं?

"उद्धव माणिकराव कऱ्हाळे," मुन्ना म्हणाला.

मधलं नाव घेताना तो कुठंच अडखळला नाही. बाहेर माणिकरावांनी डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली.