काकूंची टेप आणि दोन डावे बूट

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे; गाणी वाजवणारी नव्हे, शिंप्याच्या गळ्यात लोंबते ती. कारखान्यात अंगावर आकडे छापले गेले तेव्हा मी हळदीसारखी पिवळीधमक होते. आता माझा पहिला इंच पार झिजला आहे, म्हणून काकू दुसऱ्यापासून मोजायला लागतात.

तीस वर्षे मी काकूंच्या गळ्यात आहे. एकदा एक पैलवान कोट शिवून घ्यायला आला. मी त्याच्या छातीला पुरेना. काकू म्हणाल्या, "श्वास सोडा." त्याने सोडला, तर रस्त्यापलीकडच्या दुकानाचे शटर धाडकन खाली आले. खोटे वाटते? शटरला विचारा.

पण हे मात्र तिळभर खोटे नाही: गिऱ्हाईक स्वतःची कंबर कधी खरी सांगत नाही. छातीठोकपणे "बत्तीस" सांगणारा माझ्या हातात छत्तीस भरतो. म्हणून काकू तोंडी मापावर कधी कात्री चालवत नाहीत.

अशा काकूसुद्धा फसल्या! शाळेच्या गणवेशांचे काम अंगावर होते, शाळा उघडायला दहा दिवस, आणि शिलाई मशीनने मान टाकली. घाबरलेल्या काकूंना मोबाइलवर जाहिरात दिसली. नवे कोरे मशीन, निम्म्याहून कमी किंमत, 'आज शेवटचा दिवस'. दुकानाला पत्ता नाही, पैसे मात्र आधी भरायचे. काकूंनी भरले. चार दिवसांनी खोके आले. मी मशीनला उभी लागले, आडवी लागले. उंची चार इंच!

"अगं, यावर उंदराचा गणवेश होईल फार तर," काका म्हणाले.

"हसा तुम्ही! पोरं पहिल्या दिवशी काय घालणार?"

काकूंनी मोबाइलवर तक्रारीचा नंबर शोधला आणि पहिला दिसला तोच फिरवला. तिथेही भामटाच. आवाज अगदी साखरेत घोळलेला.

"मावशी, काळजी सोडा. पैसे आत्ता परत पाठवतो. मोबाइलवर सहा आकडे आलेत ना, तेवढे वाचा."

"चार... शून्य... सात..."

"पटपट, मावशी! दोनच मिनिटं आहेत. बँकेतूनच बोलतोय मी, विश्वास ठेवा."

काकूंचा हात सवयीने गळ्यातल्या माझ्यावर आला.

"का रे बाळा, तुझी कंबर किती?"

"आँ? बत्तीस. का?"

"सगळे तेच सांगतात," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

काकांनी लगेच कार्डामागे छापलेला बँकेचा नंबर वाचून दाखवला. काकूंनी फोन करून खाते गोठवले. शिल्लक वाचली. मशीनचे पैसे मात्र गेले ते गेलेच. पोलिसांत तक्रार दिली आहे, बघू या.

पण गणवेश? काकू दोन दिवस घुम्यासारख्या बसल्या. लाज वाटत होती हो! शेवटी पदर खोचून त्या समोरच्या शिंप्याकडे गेल्या. गिऱ्हाइकांवरून दोघांचे बोलणे कधीचेच बंद होते.

"भाऊ, मी मोबाइलवर फसले. चार दिवस तुमचं एक मशीन द्या." आणि त्यांनी ती जाहिरात दाखवली.

शिंप्याने जाहिरात पाहिली. मग इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला.

"वहिनी, याच दुकानातून मी गेल्या वर्षी बूट मागवले होते. दोन्ही डाव्या पायाचे आले. घरात कुणाला बोललो नाही. कपाटाच्या मागं टाकलेत."

काकू त्याच्याकडे बघतच राहिल्या. "अहो, तेव्हाच बोलला असता तर!"

त्याने मशीन दिले, आणि स्वतः दुसऱ्यावर बसला. शाळा उघडली त्या सकाळी एकही पोर जुन्या कपड्यांत नव्हते.

मित्रांनो, मोबाइलवर आलेले आकडे कुणालाही वाचून दाखवू नका, आणि घाई करणाऱ्याला आधी पैसे देऊ नका, हे तुम्हाला ठाऊक असेलच. माझी विनवणी वेगळी आहे. तुमच्या घरातल्या कपाटामागेही असे डावे बूट असतील. सापडले तर हसू नका. ज्याने लपवले, त्याच्याजवळ बसा आणि त्याला बोलते करा. त्याने तोंड उघडले, तर शेजारची एखादी काकू वाचेल.